चार बोटं उंच

पुण्यात खोली शोधताना घरमालकांनी मला काय काय विचारलं होतं. जात विचारली, घरात अंडी शिजणार का ते विचारलं, शनिवार पेठेतल्या एकांनी तर 'आपण मोठ्यानं हसता का?' असंही आदरपूर्वक विचारून घेतलं. आप्पांनी यातलं काही विचारलं नाही. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला.

"उंची किती?"

"पाच फूट तीन इंच," मी म्हणालो.

"झ्याक. सामान आण."

माझ्याबरोबर खोलीसाठी आलेला मित्र चांगला सहा फुटी होता. त्याला त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं. "तुझं न्हाई जमायचं गड्या. तुला ती शिक्षा हुईल." यवतमाळपासून पुण्यापर्यंत मी उंचीवरून टोमणेच खात आलेला माणूस. बुटकेपणाचं चीज झालं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

खोलीत शिरलो तेव्हा प्रश्नाचा उलगडा झाला. विजेची बटणं माझ्या गुडघ्याशी होती, खिडकी मांडीपासून सुरू होत होती, आणि शर्ट घालायचा तर आधी पंखा बंद करावा लागत होता. खोली लहान नव्हती, बुटकी होती. बांधली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती म्हणे. पण आप्पांनी दर दोन-तीन वर्षांनी भराव घालून तिची जमीन वर आणली होती. छत बिचारं होतं तिथंच राहिलं.

या सगळ्याला कारण समोरचा रस्ता. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अंगाला आप्पांचं घर. पूर्वी तिथे नुसती शेतं होती. मग गाव शहरात आलं, शेतांवर काचेच्या इमारती आल्या, आणि त्या इमारतींसाठी दारातल्या कच्च्या रस्त्यावर डांबर आलं. दर वेळी नवा कंत्राटदार यायचा आणि आधीचं डांबर न उकरता त्यावर नवा थर ओतून जायचा. आप्पांच्या लहानपणी घरातून रस्त्यावर उतरायला दोन पायऱ्या होत्या. मी राहायला गेलो तेव्हा रस्त्यावरून घरात उतरावं लागायचं. अंगणात बसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे, चेहरे नाही. आप्पा शेजाऱ्यांना चपलांवरून ओळखत.

"ज्याच्या दारातनं लोकांची पायताणं दिसत्यात, त्याचं ते घर न्हाय, बीळ हाय," असं ते म्हणत. रस्त्याचं हे चढणं त्यांनी अगदी अंगावर घेतलं होतं. रस्ता चढला की आप्पा चढत. त्यांनी अंगण चढवलं, तुळशीवृंदावन चढवलं, पाण्याचा हौद चढवला, स्वतःची खाट विटांवर चढवली. कुत्र्याचं खाण्याचं ताटलंसुद्धा विटेवर होतं, आणि ते कुत्रं मान ताठ ठेवून जेवायचं.

आम्हा सगळ्या भाडेकरूंना ते 'कंप्युटर' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "कंप्युटर, तू कंच्या वावरात बसतो?"

"समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर."

"मजला कुणी इचारलाय? वावर सांग. उसात का कांद्यात?"

मग ते मला गच्चीवर घेऊन गेले, बांधाची जुनी बाभूळ कुठे होती ते दाखवलं आणि हवेत बोटानं शेतं आखली. माझा संगणक कांद्यात निघाला. त्यानंतर आल्यागेल्याला माझी ओळख करून देताना ते म्हणत, "ह्यो कांद्यात असतो." माझ्या साहेबाची काचेची खोली जुन्या उकिरड्यावर आली होती. ही माहिती मी ऑफिसात जपून वापरली आणि तिनं मला अनेक कठीण दिवस तारून नेलं.

बहुतेक जमीन गेली तरी घरामागचा एक तुकडा त्यांनी राखला होता. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक. भल्या सकाळी भाजी पिकअपमध्ये भरायची आणि हडपसरच्या बाजारात न्यायची. आप्पा गाडी चालवणार, काकी, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसणार आणि बाजारात विकणार. माझं ऑफिस सकाळचं असलं की नाश्त्याला मीही मागे कोथिंबिरीत बसून हडपसरला जात असे. दिवसभर माझ्या अंगाला असा वास यायचा की जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्या डब्यात डोकावून बघत.

विकायचं काम आप्पांना करू द्यायचं नाही, हा काकींचा नियम होता. आणि तो योग्यच होता. एकदा काकी चहाला गेल्या असताना एका बाईंनी विचारलं, "मेथी ताजी आहे ना हो?" आप्पा म्हणाले, "न्हाई, गेल्या वर्साची हाय. तुमच्यासाठी ठिवली व्हती." बाई निघून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघी गेल्या. तेव्हापासून आप्पा बाजारभर केबिनमध्ये पेपर वाचत बसत आणि काकी खाली पोत्यावर बसून सगळा माल संपवत. संपला की दोघं शेजारी शेजारी बसून घरी. गावात असं जोडीनं फिरणारं दुसरं जोडपं मी पाहिलं नाही.

पण ही जोडी एकमेकांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. काकी नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा घर माणसांनी भरलेलं. चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, मग भिंतीला सांगायचं, म्हशीला सांगायचं, ज्याला ऐकायचं तो ऐकतो. माणसं गेली, म्हशी गेल्या, रीत राहिली. म्हशीच्या जागी मी आलो. "कंप्युटर, त्यास्नी म्हणावं च्या निवतोय," असं काकी म्हणत, आणि आप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. मग आप्पा मला सांगत, "तिला म्हणावं, आलो." या कामाबद्दल मलाही सकाळचा चहा मिळे.

दिवाळीच्या आधी रस्त्यावर आणखी एक थर पडला, आणि अंगणातून वर जाणारा उतार इतका उभा झाला की भरलेली पिकअप चढताना मध्येच तिचं पोट घासलं. खर्रर्र असा आवाज झाला. नेमकी तेव्हाच कंपनीची बस वरून चालली होती आणि खिडकीतली पोरं खाली बघून हसली. आप्पांनी गाडी मागे घेतली, पुन्हा चढवली, पुन्हा खर्रर्र. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही लोणी काळभोरला टायरवाल्याकडे. "हिला मोठी टायरं घाल," आप्पा म्हणाले. "चार बोटं मोठी. आन त्याला बसतील अशी मोठी चाकंबी."

टायरवाल्यानं समजावलं. वळताना मडगार्डला घासेल, गाडीचा जोर कमी होईल, मीटर खरा वेग दाखवणार नाही.

"मीटर बघून चालवायला म्या काय इमान चालवतोय?"

टायर बसले, चाकं बसली, जुनी चाकं टायरवाल्याला देऊन टाकली. निघण्याआधी आप्पांनी गाडीच्या उंचीची भिंतीवर खूण करून ठेवली होती; घरी येऊन तिला हाताची बोटं लावून मोजलं. गाडी फक्त दोन बोटं चढली होती. तशीच गाडी वळवली आणि परत लोणी.

"टायर चार बोटं मोठं दिलं, गाडी दोनच चढली. मधली दोन बोटं कुठं गेली?"

टायरवाला म्हणाला, "आप्पा, दोन खाली आली, दोन वरती गेली."

"कंप्युटर, ह्यो खरं बोलतोय का?"

मी मातीत वर्तुळ काढलं, त्याच्या मध्यावर काडी खोचली, आणि चाक मध्यापासून दोन्हीकडे सारखंच वाढतं हे दाखवलं. आप्पांनी काडीच्या वर आणि खाली बोटं ठेवून मोजून पाहिलं. "म्हंजी आपल्या वाट्याला निम्मंच," ते म्हणाले. "निम्मं वरच्या वर जातं. हितंबी तेच हाय व्हय!" मग त्यांनी आणखी मोठे टायर घातले, चाकांवरच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे वाढवले आणि घासणारे मडगार्ड कापून टाकले.

पिकअप घरी आली तेव्हा ती आमची पिकअप वाटत नव्हती. ती अंगणातून न घासता एका दमात रस्त्यावर चढली, तेव्हा आप्पांनी रस्त्याच्या मधोमध थांबून हॉर्न वाजवला. डावीकडे पूर्ण वळवली तर चाक अजून घासायचं, म्हणून डावं वळण घ्यायच्या आधी ते बैलगाडीसारखे उजवीकडून लांबलचक फेरा घेत. पण चेहरा बघावा तर राज्याभिषेक झाल्यासारखा. वर बसून ते रस्त्याकडे खाली बघत. कित्येक वर्षांनी रस्ता त्यांना खाली दिसत होता.

सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. काकींच्या गुडघ्यांचा राहून गेला होता.

सोमवारी सकाळी काकी डोक्यावर पाटी घेऊन आल्या, दाराशी थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं. केबिनची पायरी त्यांच्या मांडीच्या वर होती. "कंप्युटर, त्यास्नी इचार, मी शेजारी बसायचं का माळ्यावर?"

आप्पा धावत आत गेले आणि सत्यनारायणाचा चौरंग घेऊन आले. "देवाच्या चौरंगावर पाय दिऊ व्हय?" काकी कडाडल्या. मग फळांचं रिकामं खोकं आलं. त्यावरून त्या कशाबशा चढल्या, आणि खोकं गाडीत टाकून आम्ही बाजारात गेलो. तिथे खाली सडका पाला पसरलेला. काकींनी एक पाय टेकला मात्र, खोकं सुळकन सरकलं. त्या परत सीटवर. आप्पांनी त्यांना उतरवायला दोन्ही हात वर केले.

"कंप्युटर, हात खाली घ्या म्हणावं त्यास्नी. सारा बाजार बघतोय. मी काय लहान लेकरू हाय?"

त्या दिवशी काकींनी खिडकीतूनच भाजी विकली. गिऱ्हाइकं टाचा उंचावून जुड्या घेत होती, आणि एक बाई म्हणाल्या, "तिकिटं इथेच मिळतात का हो?" घरी पोचेपर्यंत काकींची मान आखडली होती. अंगणात उतरून त्यांनी निकाल सांगितला, मला. "टायरं उतरत न्हाईत तवर मी चढायची न्हाई."

मी आप्पांना म्हटलं, "खालून एक लोखंडी पायरी लावून घ्या ना."

"पायरी खाली लोंबली म्हंजी उतारावर ती घासणार. मग ही समदी उसाभर कशाला केली?" मुद्दा बिनतोड होता. आणि एकदा चढवलेलं काही उतरवायचं, हे तर आप्पांच्या रक्तातच नव्हतं.

मग काकी बसनं जाऊ लागल्या. बसला पायऱ्या असतात, असं त्या मला ऐकवून म्हणत. मीही सोबतीला बसमध्ये. पुढे बस, बसमध्ये काकी, मागे पिकअप, पिकअपमध्ये मेथी. बस थांब्यावर थांबली की आप्पाही थांबत. कंडक्टरला हे इतकं सवयीचं झालं की मागे पिकअप दिसेपर्यंत तो घंटी देईना.

एका सकाळी वाहतूक तुंबली आणि पिकअप बसच्या शेजारी येऊन थांबली. आप्पांची बैठक आता बरोबर बसच्या खिडकीएवढी होती. काकी खिडकीत, त्यांच्या पलीकडे मी, आणि हातभर अंतरावर आप्पा.

"कंप्युटर," आप्पा समोर बघत म्हणाले, "तिला इचार, मान कशी हाय."

"त्यास्नी म्हणावं, बरी हाय."

"तिला म्हणावं, शेजारची शीट रिकामी हाय. गाडी एका अंगाला वढती."

अख्खी बस ऐकत होती. वजनाच्या हिशेबानं गाडी ओढते की काय, याचा विचार मी करू लागलो, तेवढ्यात काकींनी मान फिरवली आणि म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, कोथिंबिरीचं पोतं ठिवा." मागून कुणीतरी टाळी वाजवली. पण आप्पांचा चेहरा मी पाहिला होता. राज्य मिळालं होतं, बसायला सोबत कुणी नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी बाहेर आलो तर अंगणात खोदकाम चाललेलं. आयुष्यभर भराव घालणारा माणूस कुदळ घेऊन खणत होता. पिकअपच्या चाकांच्या मापानं त्यांनी दोन चाऱ्या खणल्या आणि गाडी त्यात उतरवली. केबिनची पायरी पहिल्या जागी आली. काकी आल्या, त्यांनी चाऱ्या पाहिल्या, घामानं भिजलेला सदरा पाहिला आणि चढून बसल्या.

"आता ही चारीतनं बाहेर कशी निघणार?" मी विचारलं.

"मोठी टायरं त्यापायीच तर घेतली," आप्पा म्हणाले, आणि गाडी खरोखर लीलया बाहेर निघाली.

बाजारात खणायची सोय नव्हती, पण तिथली तयारी त्यांनी आधीच करून ठेवली होती. बाजाराच्या तोंडाशी रस्त्याला एक मोठा, जुना, प्रतिष्ठित खड्डा होता. सगळं हडपसर त्याला शिव्या देई. आप्पांनी डावी चाकं अलगद त्या खड्ड्यात सोडली, गाडी डावीकडे कलली, काकींचा पाय जमिनीला लागला. त्या उतरल्या, पोतं अंथरून बसल्या, आणि जोडी पुन्हा सुरू झाली. खड्ड्यात दुसरं कुणी गाडी घालू नये म्हणून आप्पा रोज थोडं लवकरच निघू लागले.

हे सुख पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकलं. एका सकाळी आम्ही पोचलो तर खड्ड्याशी डांबराची गाडी उभी, आणि मुकादमानं खडीचं पहिलं घमेलं ओतलेलं. आप्पांनी कडेला गाडी उभी केली, उडी मारली आणि जाऊन खड्ड्यात उभे राहिले.

"बाजूला व्हा मामा, खड्डा बुजवायचाय," मुकादम म्हणाला.

"पुढं लई खड्डं हायती. ते बुजवा आधी. ह्यो ऱ्हाऊ द्या."

गर्दी जमली. एक पेन्शनर आजोबा पिशवी सावरत पुढे आले. "अहो, हा खड्डा बुजवावा म्हणून मी वर्षभर हेलपाटे घालतो आहे. आपण कृपा करून बाहेर याल का?"

"आणखी वरीसभर घाला. तब्येत चांगली ऱ्हाती," आप्पा म्हणाले.

लोक हसले. मुकादम मात्र वैतागला. "पण खड्डा ठेवायचा कशाला, ते तरी सांगा! तुम्हाला खड्डा हवाय कशासाठी?"

आप्पांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असलेला हा माणूस. त्यांनी खडीकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बायकोला खाली उतरता यावं म्हणून, एवढंच सांगायचं होतं. पण ते भर बाजारात कसं सांगायचं? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा चळलाय." आप्पा खाली मान घालून तसेच उभे राहिले. उंचीसाठी जन्म घालवलेला माणूस खड्ड्यात उभा होता आणि सगळा बाजार त्याला वरून बघत होता.

वर केबिनमध्ये काकी बसल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, पदर खोचला.

"बाहेर या," त्या म्हणाल्या. "आन हात द्या."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाला म्हणती रं?"

"तुम्हाला, आप्पा."

त्यांना पटेना. त्यांनी वळून काकींकडे पाहिलं. मग खड्ड्यातून बाहेर आले, धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि दाराशी जाऊन हात वर केले. काकींनी एक हात त्यांच्या हातात दिला, दुसरा खांद्यावर ठेवला आणि सगळ्या बाजारादेखत खाली उतरल्या. उतरल्यावरही त्यांनी खांद्यावरचा हात लगेच काढला नाही. "बघू दे ज्याला बघायचंय त्याला," त्या म्हणाल्या, हेही थेट आप्पांनाच. माझे डोळे भरून आले, आणि ते डांबराच्या धुरानं आले असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. मुकादमानं खड्डा बुजवला. पेन्शनर आजोबांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि ताजी आहे का ते विचारलं नाही.

माझा निरोप्याचा चहा त्या दिवसापासून बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर आप्पा फावड्यानं अंगणातल्या चाऱ्या बुजवत होते, आणि चक्क गुणगुणत होते.

"जुनी टायरं परत बसवणार वाटतं, आप्पा?"

"छ्या! कशापायी?"

"मग काकी चढणार कशा?"

त्यांनी फावडं थांबवलं आणि इतकं शिकूनही काही उपयोग झाला नाही अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा माती ओढू लागले. पण त्याच आठवड्यात लोणीचा टायरवाला मला भेटला. आप्पा येऊन गेले होते म्हणे, याच्यापेक्षा मोठी साईज मिळते का ते विचारायला.